‘छापले जावो’ : इंप्रिमाटर या शब्दाची गोष्ट

आज मी एका शब्दावर बोलणार आहे. शब्द आहे ‘इंप्रिमाटर’. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या अग्रलेखात तो अधूनमधून दिसतो. अमुक धोरणाला पंतप्रधान कार्यालयाचं इंप्रिमाटर आहे, तमुक संशोधनाला मोठ्या विद्यापीठाचं इंप्रिमाटर मिळालं, अशा तऱ्हेने. कोश उघडला तर अर्थ मिळतो : मान्यता, अधिकृत संमती. आपण मराठीत म्हणू, ‘शिक्कामोर्तब झालं’. काम भागतं. पण या शब्दाच्या पोटात काय काय दडलंय ते पाहिलं, तर संमती देणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न समोर येतो. आणि तो साधा प्रश्न नाही. त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत.

पहिली गंमत अशी की, हे मुळात नाम नाहीच. ते एक अख्खं वाक्य आहे. लॅटिनमध्ये ‘इम्प्रिमेरे’ म्हणजे आत दाबणं, ठसा उमटवणं. त्याचं कर्मणी आज्ञार्थी रूप ‘इम्प्रिमातुर’. अर्थ : छापले जावो. बस. कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, काही नाही. आपल्या सरकारी पत्रात असतं ना, ‘मंजूर करण्यात येत आहे’? कोण करतंय ते वाक्यात नाही. खाली फक्त सही आहे. अगदी तसंच. अधिकाराला कर्मणी प्रयोग फार आवडतो, रोममध्येही आणि मंत्रालयातही.

दुसरी गोष्ट, ठशाची. ज्या ‘प्रेमेरे’ धातूपासून हा शब्द आला त्याच धातूपासून ‘प्रेस’ आला. म्हणजे शिक्का दाबणं आणि कागदावर अक्षर दाबणं, दोन्हीला एकच शब्द. आता आपल्याकडे पाहा. मुद्रा म्हणजे शिक्का, आणि मुद्रण म्हणजे छपाई. ‘छाप’ या शब्दाचंही तेच. संस्कृतातल्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाचं अख्खं कारस्थान एका मुद्रेवर उभं आहे : राक्षसाच्या अंगठीचा ठसा चाणक्याच्या हाती लागतो आणि राक्षसाने कधी न दिलेली संमती कागदावर हजर होते. हे लक्षात ठेवा, पुढे फ्लॉरेन्समध्ये याची आठवण येईल.

आणि ‘शिक्कामोर्तब’? जुन्या मराठी पत्रांत शिक्का माथ्यावर असे आणि मोर्तब शेवटी. मोर्तब म्हणजे छोटी मुद्रा, मजकूर संपला तिथे उमटवलेली. शिवाजी महाराजांच्या पत्राखालची ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा तुम्ही पाहिली असेल. मर्यादा इथे संपते, याच्या खाली कोणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे. म्हणजे आपल्याकडे मोर्तब हे पत्र लिहिणाऱ्याचं स्वतःचं होतं. मजकूर माझा, हे सांगणारं. इंप्रिमाटर उलट आहे. मजकूर दुसऱ्याचा आणि शिक्का तिसऱ्याचा. सगळी भानगड इथून सुरू होते.

हा तिसरा माणूस आला कुठून? छापखान्यापाठोपाठ आला. हाताने नकला होत होत्या तोवर एका पुस्तकाच्या दहा प्रती व्हायला वर्षं लागत. गुटेनबर्गनंतर हजार प्रती काही महिन्यांत निघू लागल्या, आणि चर्चच्या लक्षात आलं की, पुस्तक निघाल्यावर त्याच्या मागे धावण्यापेक्षा निघण्याआधी दारात उभं राहणं सोपं. गुटेनबर्गच्याच माइन्त्स शहरात आर्चबिशपने १४८० च्या दशकात तपासणी सुरू केली. मग १५१५ साली पोप दहावा लिओ याने सगळ्या ख्रिस्ती जगासाठी फर्मान काढलं. रोममध्ये पोपचा प्रतिनिधी आणि ‘पवित्र प्रासादाचा आचार्य’ नावाचा अधिकारी, इतरत्र बिशप आणि धर्मचौकशी अधिकारी, यांनी पुस्तक तपासायचं आणि स्वतःच्या हाताने सही करायची. त्याशिवाय छापलं तर प्रती जाळायच्या, मुद्रकाचं काम वर्षभर बंद आणि शंभर डुकाट दंड. दंडाचे पैसे कुठे जाणार? रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला! त्याच फर्मानात हेही होतं की, तपासणी फुकट करावी आणि विनाविलंब करावी. ज्यांनी कुठल्याही कचेरीत फाइल घातली आहे त्यांनी या दोन अटींचं पुढे काय झालं असेल याचा अंदाज करावा.

हळूहळू याची एक साखळी तयार झाली. आधी तपासनीस लिहिणार, ‘निहिल ऑब्स्टाट’. शब्दशः अर्थ : आडवं काही येत नाही. म्हणजेच ना हरकत! आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी जे देतो तेच. आणि मग बिशप लिहिणार, ‘इम्प्रिमातुर’. बारकावा बघा. तपासनीस ‘पुस्तक चांगलं आहे’ असं म्हणत नाही, ‘खरं आहे’ असंही म्हणत नाही. तो म्हणतो, श्रद्धेच्या आणि नीतीच्या आड येणारं यात मला काही दिसलं नाही. विसाव्या शतकातल्या अनेक कॅथलिक पुस्तकांत तर खाली स्पष्ट टीप असते की, परवानगी देणारे लेखकाच्या मतांशी सहमत आहेत असा अर्थ काढू नये. आज इंग्रजीत हा शब्द नेमका त्याच अर्थाने वापरतात, जो अर्थ काढू नका असं चर्च सांगत होतं. हे उलटं कसं झालं?

त्यासाठी गॅलिलिओकडे जाऊ. त्याच्या खटल्याची गोष्ट शाळेपासून आपल्याला ‘पृथ्वी फिरते की सूर्य’ अशी सांगितली जाते. ती तशी आहेच. पण खटल्याच्या कागदांत इंप्रिमाटरचं भांडणही आहे, आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

१६३० च्या वसंतात गॅलिलिओ आपल्या ‘संवाद’ या ग्रंथाचं हस्तलिखित घेऊन रोमला गेला. तेव्हा पवित्र प्रासादाचा आचार्य होता निकोलो रिकार्डी, डॉमिनिकन पंथाचा साधू. लोक त्याला ‘राक्षस बाबा’ म्हणत. माणूस गॅलिलिओला अनुकूल होता, पण घाबरलेला. प्रस्तावना बदला, शेवट बदला, पोपचा युक्तिवाद नीट घाला, अशा अटी घालून त्याने सशर्त होकार दिला. मग ऑगस्टमध्ये ग्रंथ छापून घेणारा गॅलिलिओचा आश्रयदाता फेडेरिको चेसी वारला. इटलीत प्लेग पसरला. फ्लॉरेन्सहून रोमला हस्तलिखित पाठवणंसुद्धा अवघड झालं. गॅलिलिओने फ्लॉरेन्समध्येच छापायचं ठरवलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांच्या परवानग्या सप्टेंबर १६३० मध्ये मिळवल्या. रिकार्डी महिनोन्‌महिने टाळत राहिला. अखेर १६३१ मध्ये त्याने प्रकरण फ्लॉरेन्सच्या धर्मचौकशी अधिकाऱ्याकडे सोपवलं : तुम्ही बघा, तुम्ही ठरवा. प्रस्तावनेचा मजकूर मात्र रोमहून आला.

फेब्रुवारी १६३२ मध्ये पुस्तक बाहेर पडलं. त्यात ओळीने परवानग्या छापल्या होत्या : रोममधल्या पोपच्या प्रतिनिधीची, रिकार्डीची, फ्लॉरेन्सच्या बिशपतर्फे एक, तिथल्या धर्मचौकशी अधिकाऱ्याची आणि टस्कनीच्या सरकारची. एकूण पाच. लेखकाला काय वाटलं असेल? पाच सह्या आहेत, आता कोण हात लावणार!

सहा महिन्यांत विक्री थांबवण्याचा हुकूम आला. पोप आठवा अर्बन संतापला होता, आणि आरोपांच्या यादीत एक कलम होतं : फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या पुस्तकावर रोमचं इंप्रिमाटर कोणाला विचारून घातलं? दुसरं होतं, प्रस्तावना वेगळ्या टाइपात का छापली, म्हणजे ती पुस्तकापासून तुटक दिसावी म्हणूनच ना? आणि २२ जून १६३३ च्या निकालात तर असं म्हटलं की, हा परवाना गॅलिलिओच्या कामाचा नाही, कारण त्याने तो चलाखीने काढला. १६१६ साली त्याला दिलेली ताकीद त्याने परवाना मागताना सांगितली नव्हती.

आता यात चूक कोणाची, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं मत विचाराल तर गॅलिलिओने परवान्याला ढाल समजलं, आणि रिकार्डी तो देताना स्वतःची ढाल शोधत होता. एकाच शब्दाकडे दोघे दोन टोकांनी बघत होते. जो शिक्का लेखकाचं रक्षण करेल असं लेखकाला वाटतं, तो खरं तर देणाऱ्याचा अधिकार राखण्यासाठी असतो, आणि अधिकार म्हटला की दिलेलं परत घेण्याचाही आलाच.

या गोष्टीला एक शेपूट आहे. १८२० साली रोममध्येच सेत्तेले नावाच्या प्राध्यापकाने खगोलाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. त्यात पृथ्वी फिरत होती. तेव्हाच्या पवित्र प्रासादाच्या आचार्याने इंप्रिमाटर नाकारलं. पण या वेळी त्याच्यावरचे लोक म्हणाले, द्या. १८२२ मध्ये रीतसर निर्णय झाला की, अशा पुस्तकांना परवाना नाकारू नये. म्हणजे पृथ्वी फिरते हे चर्चने मान्य केलं ते कुठल्या वैज्ञानिक जाहीरनाम्याने नव्हे, तर परवाना देण्याबद्दलच्या एका कार्यालयीन आदेशाने.

बरं, आता हा शब्द इंग्रजीत कसा शिरला ते बघू. इंग्लंड तर पोपपासून कधीच फुटलं होतं. पण पोप गेला तरी परवाना राहिला. फक्त देणारे बदलले. १६४३ मध्ये पार्लमेंटने छापण्याआधी परवाना सक्तीचा करणारा हुकूम काढला. त्याविरुद्ध जॉन मिल्टनने १६४४ च्या नोव्हेंबरात ‘अॅरिओपजिटिका’ ही पुस्तिका काढली, अर्थातच परवाना न घेता. त्यात त्याने सांगितलंय की, इटलीत फिरताना आपण म्हाताऱ्या, नजरकैदेतल्या गॅलिलिओला भेटलो होतो. आणि एका पानावर पाच-पाच इंप्रिमाटर कशी एकमेकांना वाकून नमस्कार करत उभी असतात, याची त्याने यथेच्छ टिंगल केलीय. तो असंही म्हणतो की, इतका गुलामगिरीचा शब्द लिहायला इंग्रजी भाषेजवळ अक्षरंच नाहीत, म्हणून तो लॅटिनमध्ये ठेवावा लागतो.

भाषेने त्याचं ऐकलं नाही. शब्द इंग्रजीत असा रुजला की आज तो कोशात सुखाने बसलाय. आणि स्वतः मिल्टनचं काय झालं? १६५१ मध्ये, क्रॉमवेलच्या बाजूचं सरकार असताना, सरकारी वृत्तपत्राला परवाना देणारा म्हणून नोंदवहीत चक्क मिल्टनचं नाव दिसतं. पुढे मिल्टन आंधळा झाला, राजेशाही परतली, आणि १६६७ मध्ये ‘पॅराडाइज लॉस्ट’ छापायची वेळ आली, तेव्हा हस्तलिखित कँटरबरीच्या आर्चबिशपच्या पदरी असलेल्या टॉमकिन्स नावाच्या धर्मगुरूकडे गेलं. ग्रहणाने राजे धास्तावतात अशा अर्थाच्या काही ओळींना त्याने हरकत घेतली, असं मिल्टनचा चरित्रकार टोलंड सांगतो. शेवटी त्याने सही केली. त्या महाकाव्याच्या पहिल्या सर्गाचं हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे, आणि त्यावर टॉमकिन्सच्या सहीबरोबर तोच शब्द आहे, जो लिहायला इंग्रजीत अक्षरं नव्हती.

आणखी एक पान दाखवतो आणि मग आपल्या किनाऱ्याकडे येतो. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’, १६८७. मुखपृष्ठावर न्यूटनच्या नावाखाली ठळक अक्षरांत ‘इंप्रिमाटर’, आणि खाली एस. पेप्स, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष, ५ जुलै १६८६. हे तेच रोजनिशीवाले सॅम्युएल पेप्स. नौदलाचे कारभारी, गणितात जेमतेम. पुस्तक त्यांना कळलं असेल असं कोणी म्हणणार नाही. पण राजाच्या सनदेने सोसायटीला स्वतःची पुस्तकं मंजूर करण्याचा हक्क होता, म्हणून अध्यक्षाची सही. पैसे मात्र सोसायटीने दिले नाहीत! माशांवरच्या एका महागड्या सचित्र ग्रंथात तिजोरी रिकामी झाली होती. खर्च एडमंड हॅलीने खिशातून केला, आणि त्याच्या पगाराऐवजी सोसायटीने त्याला त्या माशांच्या पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती दिल्या.

पण हे पान महत्त्वाचं आहे. इथे परवाना देणारा ना बिशप आहे, ना सरकारी तपासनीस. विद्वानांची संस्था आहे. आता वाचणाऱ्याला तो शब्द ‘हरकत नाही’ असा ऐकू येत नाही. तो ‘आम्ही याच्या पाठीशी आहोत’ असा ऐकू येतो. परवानगीची साल गळून प्रतिष्ठेचा गर उरायला इथे सुरुवात होते, असं मला वाटतं. आणि १६९५ मध्ये इंग्लंडचा परवाना कायदाच संपला. स्वातंत्र्याचा मोठा जयघोष करून नव्हे. मुदत संपली आणि कॉमन्सने ती वाढवली नाही. कारणं काय दिली? प्रकाशकांच्या कंपनीची मक्तेदारी, झडत्यांचा जाच, महाग आणि गचाळ लॅटिन पुस्तकं. जॉन लॉकने केलेल्या टिपणातही बराचसा असाच हिशेबी सूर आहे. कायदा गेला तेव्हा इंग्रजीत या शब्दाला काही काम उरलं नाही. आणि बेकार झालेले शब्द अलंकारिक होतात. आपलंच बघा ना, मोर्तबाची मुद्रा आज कोणाच्या टेबलावर आहे? पण उमेदवारीवर शिक्कामोर्तब रोज होतंय.

आता गोव्याकडे. कारण भारतात छापखाना पहिल्यांदा आला तो गोव्यात, १५५६ च्या सप्टेंबरात, जेजुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात. चार वर्षांनी, १५६० मध्ये, धर्मचौकशी न्यायालय आलं. म्हणजे आपल्याकडे यंत्र आणि पहारेकरी जवळजवळ बरोबरच उतरले.

एप्रिल १५६३ मध्ये गोव्यात एक विलक्षण पुस्तक छापलं गेलं : गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे संवाद. हिंग, कापूर, आंबा, फणस, सगळं त्यात आहे. त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलंय की, हे संवाद धर्मचौकशी अधिकारी अलेशो दियाश फाल्काव यांनी ‘पाहिलेले’ आहेत. पोर्तुगीज शब्द ‘व्हिस्तुश’. पाहिलेले, इतकंच.

इथे मी थोडा थांबतो, कारण मराठीतला आपला रोजचा ‘मंजूर’ अगदी हाच आहे. अरबीत ज्या धातूपासून ‘नजर’, त्याच्यापासूनच ‘मंजूर’. अर्थ : नजरेखालून गेलेलं. पारपत्रावरचा व्हिसा हाही ‘पाहिलेलं’च. अरबी, पोर्तुगीज, लॅटिन, कुठेही जा, संमतीच्या मुळाशी एक डोळा आहे. अधिकाऱ्याने बघितलं, म्हणून चाललं.

पण त्या डोळ्याने ओर्ताचं पुस्तक पाहिलं आणि माणूसही पाहून ठेवला. ओर्ता जन्माने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुळातला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळलं, गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून. आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळली. ज्या संस्थेच्या अधिकाऱ्याचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होतं, त्याच संस्थेने. इथे पुस्तकाला मान्यता होती. लेखकाला नव्हती.

त्याच्या एक वर्ष आधी, १५७९ मध्ये, गोव्यात एक इंग्रज जेजुइट उतरला होता, थॉमस स्टीफन्स. मराठी वाचकाला त्याचं नाव ‘ख्रिस्तपुराणा’मुळे माहीत आहे. जवळपास अकरा हजार ओव्या. तो वर्षानुवर्षं एका इच्छेने झुरत होता : इथल्या भाषेतलं पुस्तक इथल्याच लिपीत छापावं. १६०८ मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात तो दोन अडचणी सांगतो. एक, युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे जोडाक्षरं धरून सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतील. आणि दुसरी, वरिष्ठांची अनुज्ञा. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावरच्या ग्रंथात हे पत्र पुढे आणलं. मी ते वाचतो तेव्हा पहिली अडचण समजते, ती लोखंडाची आणि शिशाची आहे. दुसरीपाशी अडकतो. सहाशे साचे ओतता आले असते तरी ती उरलीच असती.

साचे ओतले गेले नाहीत. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, धर्मचौकशीचा आणि चर्चचा परवाना घेऊन, मराठी ओव्या पण रोमन लिपीत. पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ आणि १६५४ मध्ये. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्याच वापरावर बंदी घालणारं फर्मान काढलं. गोव्यातले छापखाने तर त्याआधीच थंडावले होते, आणि तिथे पुन्हा छपाई सुरू व्हायला १८२१ उजाडलं.

त्या तीन आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज कुठे असल्याचं ज्ञात नाही. १९०७ मध्ये मंगळूरला सलढाण्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापलं ते हस्तलिखितांवरून, आणि नंतर देवनागरीतली एक प्रत लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात सापडली, तीही हातानेच लिहिलेली. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या ओव्या घरी उतरवून घेतल्या होत्या, उपासाच्या दिवसांत मोठ्याने वाचण्यासाठी. घरच्या वहीत ओव्या उतरवायला कोणाचं इंप्रिमाटर लागत नव्हतं.